सरूबाईचा हिरडा

जुन्नरात आम्हाला अजून कोळसेवालेच म्हणतात. आमच्या दुकानात कोळशाचा शेवटचा खडा कधी होता, हे आता मलाही आठवत नाही. तीस वर्षं मी हिरड्याचा धंदा करतोय, दुकानावर तशी पाटीही लावलीय. पण कुणी पत्ता विचारला की लोक सांगतात, कोळसेवाल्या सत्तारचं दुकान का, मग सरळ जा. एकदा चिकटलेलं नाव धुऊन निघत नाही, आणि आमचं तर कोळशाचंच.

हा कोळसा यायचा भट्टीमाळावरून. जुन्नरातून पश्चिमेला निघायचं, आपटाळं, इंगळूण मागं टाकायचं आणि घाट चढत राहायचं. पुढं सपाटी लागते, तिच्या कडेला अकरा घरं आहेत आणि त्यापुढं एकदम खाली कोकण. माझ्या अब्बांच्या काळात या सपाटीवर उन्हाळाभर कोळशाच्या भट्ट्या लागायच्या. मग सरकारनं त्या बंद केल्या. तरणी माणसं नारायणगावला, मंचरला कामाला उतरली आणि वाडीत म्हातारी उरली. भट्टीच्या जागांवर आता नाचणी करतात. तिथली माती अजून काळी आहे, पावसाळ्यात पायवाटेनं चाललं तरी तळवे काळे होतात.

या वाडीतला कुंडलिक. वय बहात्तर, उंच, वाळलेला, बोलणं मोजकं. त्याची एक सवय मला फार गमतीची वाटायची. धूर दिसला की तो थांबायचा. कुणाची चूल असो, कुणी बांध पेटवलेला असो, हा डोळे बारीक करून बघणार आणि सांगणार, लाकूड ओलं हाय. एकदा त्याला जुन्नरच्या बाजारात आणला, तर भजीवाल्याच्या भट्टीसमोर उभा राहून म्हणाला, "वारा जास्त लागतोय हिला." भजीवाल्यानं त्याला दोन भजी जास्त दिली आणि वाटेला लावलं.

ही सवय आली त्याच्या कामातून. वाडीत भट्टी राखायचं काम त्याचं होतं. कोळशाची भट्टी म्हणजे विटांचं बांधकाम नव्हे. लाकडं रचून घराएवढा ढीग करायचा, त्यावर पाला, पाल्यावर ओली माती, आणि आत विस्तव सोडून धुरापुरती भोकं ठेवून बाकी वाटा बंद करायच्या. लाकूड धुमसलं पाहिजे, पण भडकता कामा नये. आठ-दहा दिवस एका माणसानं त्या ढिगापाशी बसून राहायचं. भोकांतून आधी पांढरा धूर येतो, नंतर निळा. निळा आला की भोकं बुजवायची, झाला कोळसा. मधेच कुठं माती खचली तर आत वारा शिरतो आणि तासाभरात सगळ्या ढिगाची राख होते. अब्बा सांगायचे, कुंडलिकच्या हातून एकही भट्टी राख झाली नाही. वाडीत त्याला देवमाणूस म्हणायचे. मीही म्हणायचो. देवमाणूस म्हणायला आपलं काय जातं?

आता या वाडीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथं जमीन मुलांना आणि झाड मुलीला. मुलीचं लग्न ठरलं की बाप तिला आणि जावयाला घेऊन रानात जातो आणि घरच्या हिरड्यांपैकी एक झाड दाखवतो. आई झाडाला हळदकुंकू लावते, बुंध्याला कच्च्या सुताचा धागा गुंडाळते. त्या दिवसापासून त्या झाडाचा हिरडा त्या मुलीचा. ती कुठंही नांदत असो, चैत्रात चार दिवस माहेरी येणार, झाड झोडपणार, हिरडा वाळवणार आणि घेऊन जाणार. खाली पडलेलं फळसुद्धा दुसऱ्या कुणी उचलायचं नाही. म्हातारपणी ती ते झाड आपल्या लेकीला नाहीतर नातीला देते. हिरड्यातून मिळतं ते थोडंच. पण या डोंगरात पोरीला घरी ये म्हणायला कुणी पत्र लिहीत नसे. झाडच बोलवायचं.

कुंडलिकची धाकटी बहीण सरूबाई. ती दिली कळंबला, म्हणजे थेट पुणे-नाशिक रस्त्यावर. भट्टीमाळाच्या मानानं कळंब म्हणजे शहरच. लग्नानंतर चार वर्षं ती चैत्रात आली. पाचव्या वर्षी ती गरोदर होती, कुंडलिकनं निरोप पाठवला की चढण चढू नको, मी हिरडा पाठवतो. सहाव्या वर्षी मूल लहान होतं. सातव्या वर्षी काय कारण होतं देव जाणे, पण तोवर वहिवाट पडली होती. माळावरून आमच्या गाडीत एक पोतं वेगळं यायचं, त्यावर कोळशानं 'सरू' लिहिलेलं. आधी अब्बा ते कळंबला पोचवायचे. त्यांच्यानंतर मी.

पोतं देऊन लगेच परत फिरलो असं एकदाही झालं नाही. सरूबाई पडवीत पोतं सोडायची, मूठभर हिरडा हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, "बघा सत्तारभाऊ, माझं झाड किती गुणाचं." मग चहा, मग जेवण. निघताना दादासाठी बटाट्याची पिशवी. एका वर्षी अवकाळी गारांनी डोंगरातला सगळा हिरडा झडला, माझ्या गोदामात झाडून सगळा मिळून दहा पोती आला. तरी सरूबाईचं पोतं भरलेलं होतं. ती सगळ्या आळीला सांगत सुटली की डोंगरात कुणाकडं फळ नाही, पण माझ्या झाडानं मला उणं पडू दिलं नाही. मी समोर बसून भाकरी खात होतो. मी ताटातून मान वर काढली नाही, कारण तोवर मला ठाऊक झालं होतं की सरूबाईचं झाड आहेच कुठं?

मला हे सांगितलं कुंडलिकच्या बायकोनं, अंबाबाईनं. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. मी माळावर पोती भरत होतो. तिनं सरूचं पोतं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि कुंडलिक लांब आहे असं बघून म्हणाली, "भाऊ, हे तिच्या झाडाचं न्हाई. तिचं झाड कवाच भट्टीत गेलं."

मग तिनं सगळं सांगितलं. सरूच्या लग्नाला चार वर्षं झालेली, उन्हाळ्यातली शेवटची भट्टी होती. अकरा घरांनी महिनाभर तोडलेलं लाकूड त्या एका ढिगात होतं. वाडीतली माणसं खाली एका लग्नाला गेलेली, राखायला एकटा कुंडलिक. दोनदा माती खचली, जवळ ठेवलेलं लाकूड त्यानं आत भरलं आणि वरून माती लोटली. दुपारी तिसऱ्यांदा खचली, हे एवढं मोठं भोक पडलं आणि ज्वाळ बाहेर आली. भरायला आता लाकूड नव्हतं. अंबाबाई भाकरी घेऊन आली तर नवरा कुऱ्हाड घेऊन पळत होता. सरूचं झाड भट्टीजवळच होतं. त्यानं मांडीएवढ्या जाड फांद्या उतरवल्या, दोघांनी ओढत आणून भोकात भरल्या, वर माती टाकली. भट्टी वाचली. झाडाचं उरलं ते खोड. ते उघडं दिसायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी तेही पाडलं.

लग्नाहून माणसं परत आली. कोळसा वाचलेला बघितला, झाड गेलेलं बघितलं आणि अख्ख्या वाडीनं तोंड शिवलं. ज्याचं त्याचं लाकूड त्या भट्टीत होतं ना! तो कोळसा आमच्याच दुकानात उतरला. सरूबाईच्या हिरड्यावर जुन्नरातल्या कुणाकुणाच्या सदऱ्यांना इस्त्री झाली असेल.

"हे तिला सांगा म्हनते मी, तर ते ऐकत न्हाईत," अंबाबाई म्हणाली. "दर वरसाला आपल्या झाडाचा निवडून निवडून हिरडा भरत्यात. कमी पडला तर दुसऱ्याकडनं मागून आणत्यात. पण बोलवीत न्हाईत तिला. ती मनात काय म्हनत आसंल? तुमी जाता तिकडं, तुमी तरी सांगा."

मी म्हणालो, "सांगतो."

हा शब्द मी दिला. अंबाबाईच्या तोंडावर दिला, तिच्या हातचं पाणी पिऊन दिला. त्या वर्षी कळंबला गेलो तेव्हा सांगायचं ठरवूनच गेलो होतो. सरूबाईनं पोतं सोडलं, मूठ भरली, झाडाचं कौतुक केलं, आणि मी म्हणालो, "व्हय आक्का, गुणाचंच हाय." झालं. मी व्यापारी माणूस, समोरच्याला बरं वाटेल तेच तोंडातून निघतं. पुढच्या वर्षी सांगू म्हणालो. मग त्याच्या पुढच्या. अंबाबाई पहिली दोन वर्षं पोतं देताना माझ्याकडं बघायची. तिसऱ्या वर्षापासून तिनं बघणं सोडलं. ते मला जास्त लागलं, पण लागलेलं घेऊन मी चूपच बसलो.

आठ वर्षांपूर्वी अंबाबाई वारली.

यंदाच्या चैत्रात कुंडलिकचा फोन आला. माळावर एका खडकावर चढलं तरच रेंज मिळते, त्यामुळं तिथून कुणी गप्पा मारायला फोन करत नाही.

"सत्तार, सरी येतीय. आयतवारी."

"कशानं?"

"तिची नात हर्षाली, तिचं लगीन ठरलंय. झाड तिच्या नावानं करायचंय म्हनती. पोरगी सोता गाडी चालवीत आणनार हाय." मग म्हणाला, "तू ये. मी एकला न्हाई हुबा राहू शकत."

रविवारी सकाळीच मी पोचलो. कुंडलिक धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसला होता. रात्रभर झोपला नव्हता हे दिसतच होतं. म्हणाला, "माझंच झाड तिचं म्हनून दावतो. तसं पन ते तिलाच गेलं. चव्वेचाळीस वरसं त्याचाच हिरडा खाल्ला तिनं. तू फकस्त व्हय म्हन."

मी त्याला सांगायला हवं होतं की दादा, आता तरी खरं बोल. वयानं मी लहान असलो तरी एवढं सांगायचा हक्क मला होता. मी विचारलं, "तिला जागा आठवली तर?"

"रस्ता झाला तवा निम्मा माळ उकरला. भट्टीचा उंचवटा न्हाई ऱ्हायला. न्हाई वळखू यायचं."

म्हणजे त्यानं सगळा विचार केला होता. मी म्हणालो, बरं. अंबाबाईला 'सांगतो' म्हणालो होतो, त्यानंतर हा माझा दुसरा शब्द.

दहाच्या सुमारास पांढरी गाडी आली. हर्षाली नारायणगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. चुणचुणीत पोरगी. तिनं दार उघडून आजीला उतरवलं. सरूबाई उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. आई-बाप गेले तेव्हा आणि भावजयीच्या दहाव्याला, एवढीच ती त्या पहिल्या चार वर्षांनंतर इकडं फिरकली होती, आणि तेही माणसांच्या गर्दीत. आता तिनं घराकडं बघितलं, समोरच्या मोकळ्या सपाटीकडं बघितलं आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं कुंडलिकच्या गालावरून हात फिरवला. "दादा, किती वाळलास रं."

कुंडलिकनं मान खाली घातली.

आम्ही चौघं झाडाकडं निघालो. वाट फार नाही, पण सरूबाई थांबत थांबत चालत होती. इथं करवंदं होती, इथं मी पडले होते, असं नातीला सांगत होती. भट्टीच्या जागेपाशी आलो तेव्हा ती गोंधळली. "भट्टी ह्या अंगाला व्हती का त्या?" कुंडलिकनं नुसता हात केला. समोर त्याचा हिरडा उभा होता. मोठं झाड, फांदोफांदी फळ. सरूबाई जवळ गेली, तिनं बुंध्यावर तळवा ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हेच का वो सत्तारभाऊ? लई मोठं झालंय."

मी म्हणालो, "व्हय आक्का. हेच."

हे मी बोललो. कुंडलिकनं अजून एक शब्द उच्चारला नव्हता.

तिनं पिशवीतून हळदकुंकू काढलं, झाडाला लावलं, नातीच्या कपाळाला लावलं. दोघींनी मिळून धागा गुंडाळला. "हे आता तुझं. चैतात यायचं. नोकरी हाय म्हनून चुकवायचं न्हाई," ती म्हणाली. हर्षाली हसली, तिनं फोनवर झाडाचा फोटो काढला. सगळं पार पडलं. माझ्या मनात आलं, सुटलो. आता चहा घ्यायचा आणि घरी जायचं. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी हलकंच वाटलं होतं.

मग सरूबाई खाली बसली, झाडाला टेकून. आणि रडायला लागली. आधी मला वाटलं आनंदानं रडतेय.

"दादा, मी लई पापी हाय," ती म्हणाली.

"काय झालं?" कुंडलिक म्हणाला.

"मला वाटायचं झाड न्हाईच ऱ्हायलं. मला वाटायचं, वैनीनं तोडाय लावलं. म्हनून तुमी मला वर बोलवीत न्हाई आन तोंड गप करायला पोतं धाडता. चारचौघांत झाडाचं कौतुक करायचे ते माहेरची लाज राखायला, आन आज नातीचं निमित्त करून खरं बघायला आले. येवढी वरसं मी तिला बोल लावला. तिच्या दहाव्याला आले तवा तिच्या दारात पानी सुदिक न्हाई प्याले. कळंबला जाऊन आंघूळ केली आन म्हनलं, सुटले. आन हे झाड तर हितं हाय. तिनं माझं काय बी केलं न्हाई." तिनं पदर तोंडावर घेतला. "मेलेल्या मानसाची माफी कुठं मागू मी?"

हर्षालीनं आजीला धरलं. मी जमिनीकडं बघत राहिलो. अंबाबाई मला बावीस वर्षांपूर्वी म्हणाली होती, ती मनात काय म्हणत असेल. सरूबाईच्या घरी जेवताना वहिनीचा विषय निघाला की ती वाटीत भाजी वाढायला उठायची, हे मी कितीदा बघितलं होतं. बटाटे दादासाठी यायचे, वहिनीसाठी कधी बांगडीचा जोडही आला नाही. मला कळत होतं. नाही कळत असं कसं म्हणू?

कुंडलिक तिच्यासमोर बसला. उकिडवा नाही, मांडी घालून, पंगतीला बसावं तसा.

"सरे, हे झाड तुझं न्हाई," तो म्हणाला. "हे माझं. तुझं तिकडं व्हतं." त्यानं समोर बोट केलं. तिथं आता रस्त्याची कडा होती. "भट्टी मधी. हिकडं तीस पावलं, तिकडं तीस पावलं. भट्टीनं जाळ धरला, लाकूड सरलं. मी कुऱ्हाड घेतली. अंबा वरडली, आपलं तोडा. दोनदा वरडली. मी तुझ्याकडं पळालो."

सरूबाई त्याच्याकडं बघत होती.

"का पळालो ते मला चांगलं ठावं हाय. तुझं तोडलं तर तू लांब व्हतीस. माझं तोडलं असतं तर मला रोज दिसलं असतं. तेवढ्यापायी. अंबा म्हनायची, सांगून टाका. रोज न्हाई, पर दर चैताला म्हनायची. ती मरताना बी म्हनली. तिनं काय केलं न्हाई. मीच केलं. तू आलीस तर बघशील म्हनून तुला येऊ दिलं न्हाई."

दोन्ही झाडं भट्टीपासून सारखीच जवळ होती हे मला तेव्हाच कळलं. अंबाबाईनं मला ते सांगितलं नव्हतं. नवऱ्याची तेवढी गोष्ट तिनं स्वतःजवळ ठेवली होती.

मग सरूबाई म्हणाली, आवाज न चढवता, "झाड गेलं त्याचं मला काय न्हाई दादा. भट्टी वाचली, वाडीनं खाल्लं, मी तवा असते तर मीच तुला म्हनले असते, तोड. पर मी वरसाचे तीनशे साठ दिस सासरी काढायची ते ह्या चार दिसांवर. ते चार दिस तू घेतलंस माझं. चव्वेचाळीस वरसं घेतलंस. आन दोष वैनीला."

"व्हय," कुंडलिक म्हणाला.

"वैनी तर माझ्या बाजूनं वरडत व्हती."

"व्हय."

हर्षाली उठली आणि बुंध्याचा धागा सोडायला लागली. सरूबाई म्हणाली, "राहू दे. झाडाची काय चूक." मग ती नातीच्या हाताला धरून उठली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळली.

"सत्तारभाऊ, तुमाला ठावं व्हतं का हे?"

मी सांगतो माझं काय झालं. माझ्या डोळ्यांपुढं तिची पडवी आली. तीस वर्षांचे चहा, भाकऱ्या, 'घ्या की भाऊ अजून' हे सगळं आलं. कुंडलिक नुकताच समोर बसून सगळं बोलून मोकळा झाला होता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. माझं तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात कुंडलिक म्हणाला, "त्येला काय ठावं आसनार? तो पोतं न्यायचा नुसता."

आणि मी मान हलवली. नाही म्हणून. शब्दसुद्धा खर्चला नाही.

सरूबाई म्हणाली, "तेच म्हनलं मी. तुमी न्हाई तसं करायचा." चहा न घेता दोघी निघून गेल्या. गाडी वळणाआड गेल्यावर मी कुंडलिकला म्हणालो, "असं का केलंस?" तो म्हणाला, "माझं मी भोगीन. तुझा तिकडं चहा कशाला तोडू?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं झालं असतं.

वैशाखात हर्षालीचं लग्न झालं. मला घरी येऊन पत्रिका दिली होती, बायकोला, बिबिजानला घेऊन या असं तीनदा बजावलं होतं. कळंबच्या रस्त्याला मोठं कार्यालय, बाहेर गाड्याच गाड्या. कुंडलिकलाही पत्रिका गेली होती, पण पोस्टानं. तो एसटीनं आला होता आणि मागच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसला होता, टोपी मांडीवर घेऊन.

अक्षता पडायच्या आधी मानाचे फेटे बांधतात. माईकवरचा माणूस चिठ्ठीवरची नावं पुकारत होता. मामा झाले, चुलते झाले. मग तो म्हणाला, "नवरीच्या आजीच्या माहेरचा मान. जुन्नरहून आलेले सत्तारभाई." मला वाटलं चूक झाली. पण सरूबाई स्वतः उठून आली, माझ्या हाताला धरून पुढं नेलं आणि फेटेवाल्याला म्हणाली, "हे माझे भाऊ. नीट बांध."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मागची रांग दिसत होती. बिबिजान कौतुकानं बघत होती, तिला यातलं काहीच माहीत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की आक्का, या मानाचा धनी मागं बसलाय. फेटेवाल्यानं माझं डोकं धरून सरळ केलं, आणि मी ते सरळ ठेवलं.

जेवणं झाल्यावर बाहेर मांडवाच्या दाराशी कुंडलिक भेटला. त्याची एसटीची वेळ झाली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात वर करून फेट्याचा सुटलेला शेव आत खोचला आणि म्हणाला, "चांगला बसलाय तुला." मग पिशवी उचलून तो रस्ता ओलांडून स्टँडकडं गेला, आणि मी फेटा बांधलेलाच घरी आलो.